लिओनार्दो तत्त्वज्ञ होता का? हो, पण सुविचारांमुळे नव्हे

प्रश्न असा आहे. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांसाठी वर्गात फलक लावला. लिओनार्दो दा विंचीच्या नावाखाली त्यांनी लिहिलं, ‘चित्रकार, संशोधक, तत्त्वज्ञ’. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यानं हरकत घेतली: तत्त्वज्ञ कशाला? त्यानं कुठला सिद्धान्त मांडला, कुठला ग्रंथ लिहिला? असं म्हणायला लागलो तर मायकेलअँजेलोही तत्त्वज्ञ ठरेल. शिक्षक विचारतात, शब्द ठेवू की खोडू?

मी पदवीच्या वर्गांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास तीसेक वर्षं शिकवला. आमच्या अभ्यासक्रमात लिओनार्दो कधीच नव्हता. सेंट थॉमस अक्वायनस संपला की पुढच्या तासाला थेट देकार्त. मधली साडेतीनशे वर्षं प्रस्तावनेच्या दोन परिच्छेदांत उरकायची. तरी दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी हाच प्रश्न टाकायचं. सुरुवातीची बरीच वर्षं मी ‘नाही’ म्हणून मोकळा व्हायचो. आता ‘हो’ म्हणतो. मात्र लोक ज्या कारणांसाठी त्याला तत्त्वज्ञ म्हणतात ती बहुतेक कारणं मला आजही पटत नाहीत, म्हणून आधी ती बाजूला काढतो.

पहिलं कारण सुविचारांचं. सकाळी व्हॉट्सअॅपवर सूर्योदयाच्या चित्राखाली जे ‘साधेपणा हीच सर्वोच्च अभिजातता’ छापाचं वाक्य येतं, ते लिओनार्दोच्या एकाही वहीत नाही. एकदा उडण्याची चव घेतली की नजर आभाळाकडेच राहते, हे वाक्यही त्याचं नव्हे. ते विसाव्या शतकातलं आहे. त्याची खरी चटकदार वाक्यंही पुष्कळ आहेत. शहाणपण ही अनुभवाची लेक आहे, असं त्यानं लिहिलंय. शास्त्र हा सेनापती आणि व्यवहार हे सैनिक, असंही लिहिलंय. पण चटकदार वाक्यं आपल्या म्हणींतही हजारो आहेत, म्हणी रचणाऱ्यांना आपण तत्त्वज्ञ म्हणत नाही.

दुसरं कारण, त्याला सगळंच येत होतं. येत होतं, कबूल. पण चित्र, शरीररचना, कालवे आणि उडती यंत्रं यांची बेरीज करून तत्त्वज्ञान येत नाही. बहुश्रुत असणं वेगळं. मराठीत आपण ‘तत्त्वज्ञ’ हा शब्द फार सैल हातानं वाटतो. निवृत्तीच्या समारंभात सत्कारमूर्ती हमखास ‘विचारवंत आणि तत्त्वज्ञ’ असते.

त्याच्या काळाला विचारलं तर उत्तर सोपं आहे. लिओनार्दोची अखेरची वर्षं फ्रान्समध्ये आंब्वाज इथं, राजा पहिला फ्रान्स्वा याच्या आश्रयाला गेली. १५१९ साली तो तिथंच वारला. पुढे याच राजाच्या पदरी असलेल्या बेनवेनुतो चेलिनी या शिल्पकारानं राजाचे उद्गार नोंदवून ठेवलेत: लिओनार्दोइतकं जाणणारा माणूस जगात दुसरा जन्मला नसेल, शिल्प-चित्र-वास्तू यांतलंच नव्हे, तो फार थोर तत्त्वज्ञही होता. कास्तिल्योनेनं दरबारी माणसाच्या शिष्टाचारावरच्या १५२८ च्या पुस्तकात नाव न घेता एक चिमटा काढलाय. जगातल्या पहिल्या दर्जाच्या एका चित्रकारानं आपली कला टाकून तत्त्वज्ञान शिकायला घेतलंय, आणि त्यात त्याच्या कल्पना इतक्या अजब की त्याला स्वतःलाही त्या रंगवता येणार नाहीत, असा त्याचा आशय. हा चित्रकार म्हणजे लिओनार्दोच, असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. तिसरी साक्ष सगळ्यात मजेशीर. चित्रकार आणि चरित्रकार वासारीनं कलावंतांच्या चरित्रांच्या १५५० च्या आवृत्तीत लिहिलं, की लिओनार्दोला ख्रिस्ती असण्यापेक्षा तत्त्वज्ञ असणं मोलाचं वाटत असावं. १५६८ च्या आवृत्तीत ते वाक्य गायब!

म्हणजे स्तुती, टिंगल आणि तक्रार या तिन्हींत शब्द एकच. पण तेव्हा त्या शब्दात निसर्गाचा सगळा अभ्यास मोडत होता. गॅलिलिओनं १६१० साली तोस्कानाच्या ग्रँड ड्यूककडे नोकरी धरताना आपल्या पदनामात ‘गणिती’च्या जोडीला ‘तत्त्वज्ञ’ हवंच, असा आग्रह धरला. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातही निसर्गतत्त्वज्ञानच आहे. ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द तर १८३० च्या दशकात घडवला गेला. तेव्हा ‘त्या काळच्या अर्थानं’ म्हटलं की वाद मिटतो, पण फुकटात मिटतो. तुमच्या सहकाऱ्याचा प्रश्न आजच्या अर्थाचा आहे आणि त्याला आजच्या अर्थानंच उत्तर द्यायला हवं.

त्यांच्या बाजूनं भक्कम बोलता येतं. लिओनार्दोनं हयातीत एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. आज सात हजारांच्या आसपास पानं उरली आहेत, डाव्या हातानं उजवीकडून डावीकडे लिहिलेली. एकाच पानावर घोड्याचा पाय, पाण्याचा भोवरा आणि खर्चाचा हिशोब. चित्रकलेवरचा म्हणून जो ग्रंथ ओळखला जातो, तो त्याच्या मृत्यूनंतर शिष्य फ्रांचेस्को मेल्त्सीनं वह्यांतून वेचून जुळवला, आणि छापला गेला थेट १६५१ साली, पॅरिसला. लॅटिन त्याला धड येत नव्हतं. चाळिशीच्या आसपास तो शब्दांच्या याद्या करकरून ते शिकत होता. शिवाय त्याच्या पुष्कळ कल्पना आधीच्या पंडितांकडून आलेल्या आहेत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्येर द्युएम या फ्रेंच विज्ञान-इतिहासकारानं दाखवून दिलं. आणि बेनेदेत्तो क्रोचे या इटालियन तत्त्वज्ञानं १९०६ मध्ये फ्लॉरेन्सच्या व्याख्यानात साफ सांगितलं, की हा माणूस तत्त्वज्ञ नव्हे. निसर्ग बाहेरून न्याहाळणारा तो. माणसाचं आतलं जग, इतिहास, राज्य, नीती यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. उलट १९५३ मध्ये कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानं त्याच्यावर तत्त्वज्ञ म्हणूनच छोटं पुस्तक लिहिलं. दोघेही मोठे, दोघांचे निकाल उलटे.

यातला ग्रंथ नसल्याचा मुद्दा मी फारसा धरत नाही. सॉक्रेटिसनं एक ओळ लिहिली नाही. ‘अशिक्षित’ हा मुद्दा लिओनार्दोनंच उपरोधानं परतवलाय: मला लोक अक्षरशत्रू म्हणतात, पण माझं म्हणणं दुसऱ्याच्या शब्दांतून काढायचं नसून अनुभवातून काढायचं आहे. आधाराला मोठी नावं घेऊन वाद घालणारा बुद्धी वापरत नाही, स्मरणशक्ती वापरतो, असंही त्यानं म्हटलंय. आपल्याकडच्या परिभाषेत सांगायचं तर शब्दप्रमाण (कुणी थोरानं सांगितलं म्हणून खरं) नाकारून प्रत्यक्ष (स्वतः पाहिलेलं) आणि अनुमान (त्यावरून काढलेला निष्कर्ष) यांवर उभं राहणं. (माणूस पुस्तकांना पारखा नव्हता हो. १५०३-०४ च्या सुमाराची त्याच्या पुस्तकांची यादी माद्रिदला सापडलेल्या वहीत आहे, ११६ पुस्तकांची. तेव्हाच्या चित्रकाराच्या घरात एवढी पुस्तकं म्हणजे चैनच.)

माझी कसोटी वेगळी आहे. ‘हे असं आहे’ असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर, असं माणूस मुळाशी जाऊन विचारतो का? आणि जे उत्तर येईल त्याची किंमत मोजतो का, म्हणजे त्यापायी स्वतःची समजूत किंवा स्वतःचं काम बदलतो का? या कसोटीवर लिओनार्दोचे दोन प्रसंग मला पुरेसे वाटतात.

पहिला प्रसंग वस्तूच्या कडेचा. चित्रकलेच्या शिक्षकांना हा लगेच कळेल, कारण मूल पहिली गोष्ट काढतं ती बाह्यरेषा. फ्लॉरेन्समध्ये लिओनार्दो तरुण होता तेव्हा बाह्यरेषेचाच जमाना होता. बोत्तिचेल्लीच्या आकृती रेषेवर नाचतात. वास्तुकार आणि लेखक आल्बेर्तीनं चित्रकलेवरच्या १४३५ च्या आपल्या ग्रंथात चित्रकाराला सांगितलं होतं, की आधी आकाराची कड आखून घे, फक्त रेषा इतकी बारीक ठेव की दिसता कामा नये. लिओनार्दो विचारतो, पण ही कड आहे कुठे? हवा आणि पाणी एकमेकांना टेकतात. त्यांना वेगळं करणारं जे आहे ते हवा आहे की पाणी? हवा म्हणावं तर ते हवेतच गेलं, पाणी म्हणावं तर पाण्यात. दोन्हींच्या मध्ये तिसरा पदार्थ म्हणावा तर त्याला जाडी हवी, आणि मग त्याच्या दोन बाजूंना दोन नव्या कडा! शेवटी तो या निष्कर्षाला येतो, की सीमा हा पदार्थच नाही. पृष्ठभाग पदार्थाचा भाग नाही, भोवतालच्या हवेचाही नाही. ती दोघांची सामाईक हद्द आहे, आणि तिला स्वतःचं असं काही नाही. आपल्यातल्या थोर गोष्टींत ‘काहीच नसणं’ याचं असणं सगळ्यांत थोर, असं एक वाक्य त्याच्या वहीत आहे. नुसतं वाचलं तर गूढ सुविचार वाटतो. या युक्तिवादाशेजारी ठेवलं की कळतं, तो हद्दींबद्दल बोलतोय: बिंदू, रेषा, पृष्ठभाग, आणि भूत-भविष्याच्या मधला वर्तमान क्षणसुद्धा.

इथवर हे भूमितीतलं कोडं आहे, आणि ॲरिस्टॉटलच्या वाचकाला ओळखीचं. पुढचं पाऊल त्याचं स्वतःचं. तो डोळ्याकडे वळतो. आल्बेर्तीच्या हिशोबात सगळे दृष्टिकिरण डोळ्यातल्या एका बिंदूत येऊन मिळतात. १५०८ च्या सुमाराच्या वहीत लिओनार्दो हे नाकारतो आणि पुरावा देतो तो कुणालाही घरी करता येईल असा. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्याच्या अगदी जवळ शिवणाची बारीक सुई उभी धरा. पलीकडची वस्तू झाकली जात नाही. सुई धूसर होते आणि तिच्या आरपार पाहिल्यासारखं दिसतं. दृष्टी एका बिंदूत असती तर सुईनं तिच्यामागचा पट्टा पुरता झाकायला हवा होता. म्हणजे बाहुलीची सगळी रुंदी पाहण्याचं काम करते. आणि तसं असेल, तर डोळ्याला कुठल्याही वस्तूची नेमकी कड कधीच कळत नाही.

आता दोन्ही धागे एकत्र करा. कड नावाचा पदार्थ जगात नाही, आणि असता तरी डोळ्याला सापडला नसता. म्हणून तो चित्रकाराला बजावतो, तुझ्या आकृतींना रेषांनी वेढू नकोस. आपण ज्याला ‘स्फुमातो’ म्हणतो, धुरासारखी विरत जाणारी कड, मोनालिसाच्या ओठांचे ते कोपरे, ते या विचाराचं हातात उतरलेलं रूप आहे. तंत्र म्हणून शिकवायला सोपं: काही मायक्रॉन जाडीचे पारदर्शक थर, एकावर एक. पण हे थर का, या प्रश्नाचं उत्तर सत्ताशास्त्रातलं (जगात मुळात काय आहे) आणि ज्ञानशास्त्रातलं (ते आपल्याला कसं कळतं) आहे. त्यानं युक्तिवाद केला आणि त्यापायी शतकाची सवय सोडली. मी ‘नाही’ म्हणणं बंद केलं ते हे नीट वाचल्यावर.

इथं विद्यार्थी हमखास म्हणायचे, सर, आपल्याकडे तत्त्वज्ञानाला ‘दर्शन’च म्हणतात, म्हणजे पाहणं, लिओनार्दोही पाहायला शिका म्हणतो, जुळलं की! टाळ्या मिळवायला छान आहे. पण सांख्य किंवा न्याय दर्शनातलं ‘दर्शन’ डोळ्याच्या बाहुलीवर उभं नाही, आणि लिओनार्दोचं पाहणं अक्षरशः बाहुलीवरच उभं आहे. शब्दाचा मूळ धातू एक असला म्हणून विचार एक होत नाही.

दुसरा प्रसंग शिंपल्यांचा. मिलानला तो घोड्याचा प्रचंड पुतळा घडवत होता, तेव्हा पार्मा आणि पियाचेन्झाच्या डोंगरांतून शेतकऱ्यांनी शिंपले आणि पोवळी भरलेलं मोठं पोतं त्याच्या कामाच्या जागी आणून टाकलं. डोंगरावर समुद्रातले शिंपले कसे? प्रचलित उत्तर होतं, बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयानं वाहून आणले. लिओनार्दो हिशोब मांडतो. कवचातला हा जीव वाळूत चर पाडत दिवसाला तीन-चार ‘ब्राच्चो’ सरकतो. ब्राच्चो म्हणजे एक बाहू, साधारण दोन फूट. चाळीस दिवसांच्या पावसात झाले जास्तीत जास्त एकशे साठ ब्राच्चो, जेमतेम शंभर मीटर. आद्रियातिक समुद्रापासून उत्तर इटलीतलं मोन्फेर्रातो अडीचशे मैल. मग मेलेले शिंपले लाटांनी आणले म्हणावं? तर ते अस्ताव्यस्त पडायला हवे होते. इथं ते थराथरानं आहेत, लहानमोठे एकत्र, दोन्ही शिंपा जोडलेल्या, जिवंतपणी जसे राहतात तसे. म्हणजे तिथं एकेकाळी समुद्रच होता, आणि एकदा नव्हे, थर पडत राहतील इतका काळ.

हे भूशास्त्र झालं, तत्त्वज्ञान कुठे, असं विचाराल. ते याच्या शेजारच्या पानांवर आहे. लिओनार्दो अर्धं आयुष्य एका जुन्या उपमेवर विसंबून होता: पृथ्वी हे एक शरीर, खडक ही तिची हाडं, माती मांस, पाणी रक्त. पिंडी ते ब्रह्मांडी आपण म्हणतो, तसंच. डोंगरमाथ्यावर झरे का, तर डोक्यात रक्त चढतं तसं समुद्राचं पाणी आतल्या शिरांतून वर चढतं. ही कल्पना त्याला आवडायची, वह्यांत ती पुन्हापुन्हा येते. पण शिंपल्यांसाठी वापरलेला काटेकोरपणा त्यानं हिच्यावरही लावला. वर चढवणारं बळ कोणतं? उष्णता म्हणावं तर डोंगरावरचं पाणी थंड का? वक्रनलिका (सायफन) म्हणावी तर ती पाणी उगमाच्या पातळीच्या वर काढून देत नाही. एकेक स्पष्टीकरण तपासून तो बाद करत जातो, आणि अखेरीस लाडकी उपमा सोडून देतो. उपमा आणि कारण यांतला फरक कळणं आणि तो स्वतःच्या आवडत्या कल्पनेवर चालवून दाखवणं, हे मी तत्त्वज्ञानातलं काम समजतो. ते न जमलेले प्राध्यापक मी पुष्कळ पाहिलेत. काही वर्षं आरशातही पाहिला.

आत्म्याबद्दल तो काय म्हणतो, हेही विचारलं जातं. फार काही म्हणत नाही. बैलाच्या मेंदूच्या पोकळ्यांत वितळलेलं मेण भरून त्यांचे साचे काढणारा हा माणूस, संवेदना कुठे एकत्र येतात हे शोधत होता. आत्म्याच्या व्याख्येचं उरलेलं काम मात्र तो मठवासी धर्मगुरूंवर सोपवतो, कारण त्यांना म्हणे दैवी प्रेरणेनं सगळी रहस्यं कळतात! या एका वाक्यातला तिरकसपणा पाहिला की वासारीनं दुसऱ्या आवृत्तीत कात्री का लावली असेल, ते समजतं.

क्रोचेचा एक आक्षेप मात्र मला परतवता येत नाही. नीती आणि राज्य या बाबतींत लिओनार्दोच्या वह्या जवळजवळ मुक्या आहेत. युद्धाला तो पशूपेक्षा हिणकस वेड म्हणतो, आणि १५०२ मध्ये चेझारे बोर्जासारख्या क्रूर सेनानीकडे लष्करी अभियंता म्हणून राहतो. पाण्याखाली दीर्घकाळ राहण्याची युक्ती आपण जाहीर करणार नाही, कारण दुष्ट माणसं तिचा वापर तळ फोडून जहाजं बुडवायला करतील, असं तो लिहितो. विचार ठिणगीसारखा उडतो आणि विझतो. मांसाहार तो करत नसावा. याची साक्ष चक्क हिंदुस्थानातून गेली आहे: आंद्रेया कोर्साली या प्रवाशानं १५१५-१६ च्या सुमाराला कोचीनहून लिओनार्दोचा आश्रयदाता जुलियानो दे मेदिची याला पाठवलेल्या पत्रात गुजराती लोकांचं वर्णन केलंय, रक्त असलेलं काही खात नाहीत, जिवाला इजा करू देत नाहीत, आपल्या लिओनार्दोसारखे. पण असं का वागावं, याचा युक्तिवाद त्यानं कुठे बांधला नाही. आचरण होतं, नीतिशास्त्र नव्हतं. म्हणून त्याला ॲरिस्टॉटल किंवा कांटच्या रांगेत बसवू नका. तसं बसवणारे त्याचं नुकसानच करतात, कारण मग माणसं पद्धतशीर दर्शन शोधायला जातात आणि हाती चिठोरी लागली की हिरमुसतात.

मायकेलअँजेलोचं काय? त्याच्या सुनीतांत प्लेटोचे पडसाद आहेत, दगडात आधीच दडलेल्या आकाराची कल्पना आहे. कविता म्हणून ती मोठी आहेत. पण तो कल्पना जगतो, तिची उलटतपासणी करत नाही. चित्रकार प्येरो देल्ला फ्रांचेस्कानं यथादर्शनावर (पर्स्पेक्टिव्हवर) ग्रंथ लिहिला, त्याला सरळ गणिती म्हणावं, आणि त्यात कमीपणा काही नाही. जर्मन चित्रकार ड्यूररनं मोजमाप आणि प्रमाणबद्धता यांवर लिहिलं. तो कलाशास्त्राचा लेखक. तुमच्या सहकाऱ्यांची भीती होती की एकाला आत घेतलं की सगळे शिरतील. तसं होत नाही.

तेव्हा शब्द खोडू नका, थोडा आवळा. फलकावर ‘निसर्गतत्त्वज्ञ’ लिहा, आणि खाली सुविचार न छापता सुईचं रेखाचित्र काढा. तास सुरू झाला की शिवणाच्या सुया वाटा (सातवीच्या आतल्या मुलांना सुईऐवजी झाडूची काडी द्या, सुई डोळ्याजवळ नको), आणि मग आकृतीला बाह्यरेषा न मारता पेला काढायला सांगा. सहकाऱ्यांनाही बोलवा. त्यांच्या हातातही एक काडी द्या.